वधूच्या रकान्यात संपादक

माझ्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी मला सुरतेतल्या एका बागेत, सकाळी साडेआठला, हास्यक्लबच्या अकरा सभासदांकडून मिळाली. आणि ती बातमी आहे हेच न कळल्यामुळे मी सगळ्यांचे हात जोडून आभार मानले. या गोष्टीवरून आमच्या घरात मला अजून बोलून घेतात. म्हणून म्हटलं, झालं ते एकदा क्रमानं सांगून टाकावं.

धनश्री, माझी मुलगी, पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या वर्गाला एक प्रोजेक्ट मिळालं: विद्यार्थ्यांसाठी पॉप संगीताचं मासिक तयार करा. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एका कलाकाराची मुलाखत. फोटो मात्र इंटरनेटवरून उचलायचे नाहीत. मंगळवारी सगळं प्राध्यापिकेपुढे मांडायचं. धनश्रीनं मासिकाचं नाव ठेवलं ‘फुल व्हॉल्यूम’. मी ‘स्वरसुरभी’ सुचवलं होतं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. कलाकार म्हणून तिनं वर्गातल्याच चेतन इंगळेला धरलं. हा मुलगा स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाली लावतो आणि मोबाइलवर टाकतो. ‘तू रिप्लाय दे, नाहीतर ब्लू टिक तरी देऊ नको’ हे त्याचं गाणं कॉलेजात सगळ्यांना पाठ आहे म्हणे.

आता मासिक म्हटलं की पानं आली, पानं म्हटली की मांडणी आली आणि मांडणी म्हटली की मी आलो. मी एकोणीस वर्षं कापड मार्केटमधल्या एका शेठकडे साड्यांचे कॅटलॉग करतो. फोटो कुठला घ्यायचा, कुठल्या पानावर टाकायचा, पदर डावीकडे की उजवीकडे, हे मी ठरवतो. आज केरळपासून आसामपर्यंत बायका ज्या साडीकडे बोट दाखवून ‘ही द्या’ म्हणतात, त्या बोटामागे मी असतो. हे मी घरी अनेकदा सांगितलेलं आहे.

“पप्पा, प्रोजेक्ट माझं आहे,” धनश्री म्हणाली.

“तुझंच आहे. मी फक्त करतो.”

लीला, माझी पत्नी, शाळेत क्लार्क आहे. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “मागे तुम्ही ‘फक्त करतो’ म्हणून गिझर लावला होतात. पहिला शॉक तुम्हालाच बसला.” गिझरचा इथे काहीही संबंध नव्हता. मी शेठकडून मोठा कॅमेरा, तो ठेवायचं तिकाटणं आणि उजेड पाडायला थर्माकोलची शीट मागून आणली.

पहिला वाद कपड्यांवरून झाला. धनश्रीचं म्हणणं, चेतननं त्याची रोजची फाटकी जीन्स घालावी. मी म्हटलं, गुडघे बाहेर आलेल्या माणसाचा फोटो मी आयुष्यात काढलेला नाही आणि या वयात काढणार नाही. मार्केटमधल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मी एक जॅकेट आणलं. मोतिया रंग, गळ्यापासून कमरेपर्यंत सोनेरी जरदोजी. चेतन उंच, सावळा, गरीब स्वभावाचा. जॅकेट घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “काका, यात हात वर होत नाही. गिटार कशी वाजवू?”

“वाजवायची नाहीये. धरायची आहे.”

दुसरा प्रश्न जागेचा. आमच्या गच्चीवर पाण्याच्या अकरा टाक्या आणि लीलाचे पापड. सोसायटीचे सेक्रेटरी भूपेंद्र म्हणाले, “शालिग्रामभाऊ, बागेत काढा. मागे हिरवळ, वर आकाश, खर्च शून्य.” भूपेंद्र मूळचे आमच्याच शिरपूरकडचे. सल्ला देताना ते नेहमी दोन पावलं मागे सरकून समोरच्याकडे तिरपं पाहतात; जणू सल्ला अंगाला बसतो की नाही ते बघताहेत. बागेचं नाव मी सांगत नाही, कारण मला अजून तिथे फिरायला जायचं असतं.

गुरुवारी संध्याकाळी तिकाटणं उघडलं मात्र, सिक्युरिटी गार्डनं शिट्टी मारली. “परमिशन छे?”

मी म्हटलं, लोक तर सर्रास फोटो काढताहेत. तो म्हणाला, मोबाइल चालतो, तीन पायांचं काही चालत नाही. शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी बागेच्या ऑफिसात गेलो. तिथला क्लार्क अतिशय सज्जन माणूस होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात त्याचा दोष नव्हता. दोष रकान्यांचा होता.

“प्री-वेडिंग के फिलम?” त्यानं विचारलं.

“दोन्ही नाही. विद्यार्थ्यांचं मासिक आहे.”

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. खरोखरच दोनच पर्याय होते. ‘फिल्म’ घेतलं तर पोलिसांचं पत्र, अग्निशमनचं पत्र आणि कथानकाच्या तीन प्रती. पॉप मासिकाचं कथानक कुठून आणणार? “प्री-वेडिंगच करा,” मी म्हटलं.

“वरनुं नाम?”

“वर नाही हो. गायक आहे. चेतन भाऊराव इंगळे.”

त्यानं टाइप केलं. “वधू?”

“वधू कुठली! संपादिका आहे. माझी मुलगी.”

“एडिटरनुं खानुं नथी, साहेब.” तो इतक्या खेदानं म्हणाला की मलाच त्याची दया आली. वधूच्या रकान्यात धनश्री शालिग्राम बोरसे गेली. खाली मी सही केली. सहीखाली ‘कन्येचे पिता’ आपोआप छापून आलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी पावती खिशात घातली आणि घरी येऊन सांगितलं, परमिशन मिळाली. कुठली, ते कुणी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी सातला आम्ही तिघं बागेत पोचलो. गेटवरच्या फलकावर त्या दिवसाच्या परवानग्या लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी उजेडाच्या मागे होतो. चेतनला कारंज्यापाशी उभं केलं आणि एकोणीस वर्षांचा अनुभव पणाला लावला. “मान तिरपी. हनुवटी खाली. एक हात कमरेवर. दुसरा हात जरा लांब सोड, बाही दिसू दे.”

“पप्पा, त्याला साडी दाखवायची नाहीये,” थर्माकोल धरून उभी असलेली धनश्री म्हणाली.

“कुठलाही माणूस काही ना काही दाखवतच असतो,” मी म्हटलं. वाक्य मला आवडलं. तिनं ते लिहून घ्यावं अशी माझी अपेक्षा होती.

तेवढ्यात पलीकडून हास्यक्लब आला. पुढे निळ्या ट्रॅकसूटमध्ये भूपेंद्र. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“अभिनंदन, शालिग्रामभाऊ! काय जोडी आहे!”

जरदोजी जॅकेट आणि काळी गिटार ही जोडी मीच जमवली होती. मला भरून आलं. “तुम्हाला आवडली ना? मग झालं.”

“पण आम्हाला आधी बोलला नाहीत.”

“घरच्या घरीच ठरवलं. फार गाजावाजा करायचा नव्हता.”

“मुलगा काय करतो?”

“गातो.”

भूपेंद्रांनी दोन पावलं मागे सरकून चेतनकडे तिरपं पाहिलं. मग म्हणाले, “असू दे. हल्ली त्यातही मिळतात पैसे.” एका आजोबांनी धनश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, प्रोजेक्टसाठी. तिनं वाकून नमस्कार केला. चेतन सुसंस्कृत मुलगा. ती वाकली म्हणून तोही वाकला. भूपेंद्रांनी नेमका तेव्हा मोबाइल काढला. मग अकराही जणांनी हात वर करून आमच्यासाठी एक खास हास्य केलं. इतका मान मला मार्केटमध्ये कधी मिळाला नव्हता.

घरी आलो तेव्हा दाराबाहेर नऊ जोडी चपला होत्या. आत सोसायटीतल्या बायका आणि मध्ये लीला, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. तिनं शांतपणे मोबाइल माझ्यापुढे धरला. सोसायटीच्या ग्रुपवर फलकाचा फोटो होता, त्याखाली नमस्कार करणारी जोडी, त्याखाली भूपेंद्रांचा मजकूर: ‘बोरसे परिवारात मंगलकार्य. कन्येच्या पित्याने स्वतः दुजोरा दिला.’ आणि गुलाबांच्या तीन रांगा.

“तारीख तेवढी सांगा,” लीला म्हणाली, “शाळेत रजेचा अर्ज द्यावा लागतो.”

धनश्रीनं फलकाचा फोटो मोठा करून वाचला. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. “पप्पा, मी संपादक होते,” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ते वाक्य मला गिझरपेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात अमळनेरहून आक्काचा फोन. सुंदराआक्का माझी थोरली बहीण. तिला फोन आणि हाक यांतला फरक मान्य नाही; ती इथपर्यंत ऐकू जाईल असंच बोलते. “लगीन जमाडं अनी माले सांगं नही? कोना पोऱ्या शे? आपलामाधला शे का?”

मी म्हटलं, आक्का, लग्न नाही, मासिक आहे. ती म्हणाली, मासिक काय ते नंतर बघू, आधी पोऱ्याचं गाव सांग.

मी भूपेंद्रांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर दुरुस्तीचा मजकूर टाकला: ‘बोरसे परिवारातील लग्न काही कारणाने होणार नाही. कृपया कोणी विचारपूस करून त्यांना त्रास देऊ नये.’ पुढचा तासभर विचारपूस करणाऱ्यांचा नुसता पूर आला. आक्काचा परत फोन आला, या वेळी रडत. “मोडनं का रे? कसाले मोडनं? पोऱ्या किती गुनी दिखत व्हता!” अर्ध्या दिवसात आक्का ‘कोना पोऱ्या’पासून ‘गुनी पोऱ्या’पर्यंत आली होती. मी मात्र कुठे होतो, ते मला दुपारी कळलं.

दुपारी चारला बेल वाजली. दारात साठीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दुमडलेली कापडी पिशवी. “जय भीम. मी भाऊराव इंगळे. चेतनचा बाप. कोसाडहून आलो.”

भाऊराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळ भुसावळचे. खुर्चीच्या टोकावर बसले. पाणी प्यायले. ग्लास जपून खाली ठेवला.

“बोरसे साहेब, छत्तीस वर्षं मी नोकरी केली. कुठली गाडी कधी येणार ते मला आधी कळायचं. माझ्या मुलाचं लग्न मात्र मला आज बागेच्या फलकावरून कळलं. तेही शेजाऱ्याच्या मोबाइलवर.”

“नाही नाही नाही!” मी उठूनच उभा राहिलो. “तसं काहीच नाही! छे छे! तसा प्रश्नच नाही! कसं शक्य आहे?”

भाऊराव माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. “मी मागणी घालायला आलो नव्हतो,” ते म्हणाले. “विचारायला आलो होतो. एवढं दचकायची गरज नव्हती.” त्यांनी पिशवी उचलली. लीला चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

लीलानं ट्रे माझ्यासमोर ठेवला. “साधं ‘गैरसमज झाला’ म्हणता आलं असतं. ‘कसं शक्य आहे’ कशाला?”

“तोंडातून निघून गेलं.”

“तेच म्हणतेय मी. आत होतं म्हणून निघालं.”

मी स्वतःला मोकळ्या विचारांचा माणूस समजतो. जयंतीच्या मिरवणुकीत मी दर वर्षी पाण्याच्या बाटल्या वाटायला उभा राहतो. त्याचे फोटोही आहेत. तो चहा मी दोन्ही कप प्यायलो आणि दोन्ही कडू लागले. साखर घालायची राहिली होती असं लीला म्हणते, पण तिचं वागणं पाहता ती राहिली नसावी, ठेवली असावी.

संध्याकाळी कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. दोनशे बारा. सगळ्यांत जरदोजीचा टाका न् टाका स्वच्छ दिसत होता आणि चेतनचा चेहरा अंधुक. धनश्रीनं बाहेर येऊन ते पाहिले आणि म्हणाली, “मी उद्या चेतनच्या घरी जाऊन माझ्या मोबाइलवर काढते. जीन्समध्ये.”

“मीही येतो,” मी म्हटलं. “फोटोला नाही. भाऊरावांकडे.”

रविवारी लीला, धनश्री आणि मी रिक्षानं कोसाडला गेलो. अमरोलीच्या पुलापर्यंत मी माफीची चार वाक्यं पाठ केली, आणि रिक्षावाल्यानं रिक्षा खड्ड्यात घातली तेव्हा त्यातली दोन विसरलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली चेतनची गिटार. भाऊराव खिडकीत बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. “बसा,” म्हणाले. शेंगा मोडणं चालूच.

“भाऊराव, काल मी जे बोललो ते चुकलं.”

“कुठलं?”

“ते... नाही म्हणालो ते.”

“म्हणजे हो?”

चेतन आणि धनश्री एका सुरात ओरडले, “आमचं तसलं काहीही नाहीये!”

“तुम्ही थांबा,” भाऊराव म्हणाले. “मोठी माणसं बोलताहेत. हं, साहेब. हो का?”

मी लीलाकडे पाहिलं, ती शेंगांकडे पाहत होती. पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. “भाऊराव,” मी म्हटलं, “हो किंवा नाही, ते ही पोरं आपलं आपण ठरवतील. आज नाही तर कधीही. कुणाच्याही बाबतीत. मी काल ‘कसं शक्य आहे’ म्हणालो. शक्य न व्हायला काय झालं? तेवढं वाक्य मला परत द्या. मला त्याची लाज वाटते.”

भाऊरावांनी शेवटची शेंग मोडली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “रंभा, चहा ठेव. साहेबांनी फार लांबून वाक्य आणलंय.” आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हा माणूस हसतो आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. हास्यक्लबमध्ये असं हसत नाहीत.

रंभाबाई, चेतनच्या आई, चहा घेऊन आल्या. चहात साखर होती.

धनश्रीनं कामाला सुरुवात केली. मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि हात मांडीखाली घातले, कारण ते आपोआप ‘हनुवटी खाली’ करायला उठत होते. चेतननं फाटक्या जीन्समध्ये, पलंगावर मांडी घालून, ‘तू रिप्लाय दे’ सुरू केलं. दुसऱ्या ओळीला रंभाबाईंनी आतून आवाज दिला, “घसरलास!” आणि पातेलं उपडं घालून ठेका धरतच बाहेर आल्या. जयंतीच्या कार्यक्रमात महिला मंडळाच्या मुख्य गायिका त्याच असतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या ठेक्यावर ते गाणं असं काही धावलं की शेजारच्या दोन गॅलऱ्या भरल्या. मध्येच भाऊराव उठून आत गेले. मला वाटलं कंटाळले. ते परत आले तेव्हा भांग पाडलेला होता आणि शर्ट बदलला होता.

“माझा काढ म्हणत नाही,” ते धनश्रीला म्हणाले, “पण बाजूला उभा राहिलो तर चालेल ना?”

धनश्रीनं मोबाइल वर धरला. रंभाबाईंनी पातेलं काखेत घेतलं आणि विचारलं, “पोरी, हसू का?”

“काकू, तुम्ही गा,” धनश्री म्हणाली. “मी बघते.”

मंगळवारी मासिक सादर झालं. मुखपृष्ठावर चेतन, केस विस्कटलेले, चेहरा स्वच्छ. चौथ्या पानावर रंभाबाई आणि भाऊराव. पहिल्या पानावर छापलं होतं: ‘संपादक आणि छायाचित्रे: धनश्री बोरसे’. माझं नाव शोधलं. ‘आभार’ या शब्दाखाली रिक्षावाल्याच्या आधी होतं. क्रम बरोबर वाटला.

पंचवीसपैकी तेवीस गुण मिळाले. प्राध्यापिकेनं शेवटी लिहिलं होतं, ‘पान चारवर गाणाऱ्या ज्येष्ठ कलाकार कोण? यांची मुलाखत का नाही? वार्षिक अंकासाठी ती घेऊन हा अंक पुन्हा सादर करावा.’

चेतननं हे आपल्या घरी वाचून दाखवलं. त्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवर भाऊरावांचा निरोप आला. ज्येष्ठ कलाकार येत्या रविवारी सकाळी दहानंतर उपलब्ध आहेत. फोटोसाठी अर्धा तास वेगळा ठेवावा. प्रश्न दोन दिवस आधी लेखी पाठवावेत. रंभाबाई नको असलेले खोडतील. संपादिकेनं अवश्य यावं. सोबत वडिलांना आणायचं असल्यास हरकत नाही, पण त्यांनी भिंतीपाशी बसावं.